टेकडी आधीच जाळून टाकली तर वणवा टळेल का? पाइनच्या जंगलातली पद्धत आणि आपलं गवत

खारघरच्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: "आमच्या समोरची टेकडी दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये पेटते. आम्ही लावलेल्या तीनशे रोपांपैकी निम्मी यंदा होरपळली. अमेरिकेत पाइनच्या जंगलात वनखातं स्वतःच आग लावतं, म्हणजे पुढे मोठा वणवा लागत नाही, असं वाचलं. मग आपणही डिसेंबरात गवत वाळल्याबरोबर सगळी टेकडी एकदाच जाळून टाकली तर?"

आधी सरळ उत्तर देतो: सगळी टेकडी जाळू नका. कायद्याने तुम्हाला ते करताच येत नाही, ते पुढे सांगतो. पण कायद्याची अडचण नसती तरी मी नाहीच म्हटलं असतं. तुम्ही वाचलंत ते खरं आहे. फक्त ते ज्या जंगलाबद्दल आहे, त्या जंगलाचं आणि तुमच्या टेकडीचं गणित वेगळं आहे. "जाळावं की नाही" हा प्रश्न नंतरचा. जळण कसलं आहे, ते वर्षानुवर्षं साठतं का, आणि आग गेल्यावर मागे काय जिवंत राहतं, ही तीन उत्तरं हातात आली की बाकीचं आपोआप ठरतं.

पाइनपासून सुरू करू. उत्तराखंड-हिमाचलातला चीड हा पाइन घ्या. मार्च ते जून त्याच्या सुया गळतात. तिकडे त्यांना पिरूल म्हणतात. या सुयांत राळ असते, त्या लवकर कुजत नाहीत, आणि उतारावर एकावर एक पडून गादी तयार होते. कोरड्या हवेतल्या पाइनच्या जंगलात ही गादी कुजण्यापेक्षा साठण्याचा वेग जास्त असतो. म्हणजे दरवर्षी थोडी थकबाकी राहते आणि पुढच्या वर्षी तीत भर पडते. पाच-दहा वर्षं आग लागली नाही, तर तळाशी जाड थर, त्यावर पडलेल्या फांद्या, त्यावर कोवळी दाट रोपं आणि त्यावर मोठ्या झाडांच्या खालच्या वाळक्या फांद्या असा जिनाच तयार होतो. मग जमिनीवरची आग त्या जिन्याने शेंड्यात चढते. शेंड्यात चढलेला वणवा माणसाच्या हाती राहत नाही.

अमेरिकेच्या पश्चिम भागात नेमकं हेच घडलं. १९१० साली आयडाहो आणि मोंटाना भागात सुमारे ३० लाख एकर जंगल जळालं. त्यानंतर तिथल्या वनखात्याने प्रत्येक आग विझवायचं धोरण घट्ट धरलं. १९३५ पासून तर आग दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आणायची, असा दंडकच होता. पाँडेरोसा पाइनच्या जंगलात पूर्वी काही वर्षांच्या अंतराने हलकी आग जमिनीवरून सरकत जायची आणि सुयांचा थर पातळ ठेवायची. ती थांबली आणि थकबाकी वाढत गेली. हॅरोल्ड वीव्हर या वनाधिकाऱ्याने १९४३ मध्येच लिहिलं होतं की या झाडाला आगीची गरज आहे. ते पचनी पडायला पुढे कित्येक वर्षं गेली. आज जी नियंत्रित जाळणी होते, ती ही साठलेली बाकी हप्त्याहप्त्याने फेडण्यासाठी.

इथेही "पाइनचं जंगल" म्हणजे सगळं एक असं समजू नका. पाँडेरोसा, आग्नेय अमेरिकेतला लाँगलीफ पाइन, आपला चीड ही जाड सालीची झाडं. सालीखालच्या जिवंत थराचं तापमान साधारण ६० अंशांवर गेलं की तो मरतो. जाड साल ते होऊ देत नाही. लाँगलीफच्या जंगलात तर दोन-तीन वर्षांनी एकदा जाळतात. याउलट लॉजपोल पाइनची साल पातळ. तिथे मोठी आग शंभर-दोनशे वर्षांनी येते, जुनी झाडं मरतात आणि राळेने बंद असलेले शंकू, म्हणजे बिया धरणारी कठीण बोंडं, उघडून नवं जंगल उगवतं. १९८८ साली यलोस्टोन उद्यानाचा सुमारे ३६ टक्के भाग आगीच्या पट्ट्यात आला, त्यात अशी जंगलं बरीच होती. तिथे हलकी जाळणी करून काही साधत नाही. देवदार, फर, स्प्रूस यांनाही खालून आग लावणं म्हणजे झाडं मारणं. आणि आपल्या कोकणातल्या किनाऱ्यावरचा सुरू हा वृक्ष दिसतो पाइनसारखा, पण तो त्या कुळातला नाहीच. त्याच्या काड्यांचा थर मात्र पेटतो तसाच.

आता नियंत्रित जाळणी प्रत्यक्षात कशी होते ते बघा. "एकदाच नीट जाळून टाकू" हे किती अवघड असतं, ते त्यातून कळेल.

आग लावण्याआधीचं काम आगीपेक्षा मोठं असतं. दाट कोवळी झाडं आधी विरळ करतात, मोठ्या झाडांच्या खालच्या फांद्या दोन-तीन मीटर उंचीपर्यंत छाटतात. जुन्या, मोलाच्या झाडांच्या बुंध्याभोवतीचा कुजका थर दाताळ्याने अर्धा-एक मीटर मागे ओढतात, कारण तो थर ज्वाळेशिवाय तासन्‌तास धुमसतो आणि मुळं शिजवतो. मग चारही बाजूंनी माती उघडी पडेपर्यंत रेषा काढतात. रस्ता, ओढा, खडकाची कड हाताशी असेल तर रेषा तिथेच टाकतात.

हवेच्या मर्यादा कागदावर आधी लिहिलेल्या असतात. जागेप्रमाणे आकडे बदलतात. पाइनखालच्या जाळणीसाठी ढोबळमानाने आर्द्रता ३० ते ५० टक्के, सुयांच्या वरच्या थरात ओल ७ ते २० टक्के, आणि जंगलाच्या आत डोळ्यांच्या उंचीला वारा ताशी ३ ते १० किलोमीटर, तोही एकाच दिशेने. खालचा थर ओलसर हवा, म्हणजे वरचं जळतं आणि माती शाबूत राहते. वारा अजिबात नको असं लोकांना वाटतं. ते चूक आहे. वारा पूर्ण पडला की उष्णता सरळ वर जाऊन शेंडे करपवते. हलका वारा तिला तिरकं करतो आणि थंड हवेत मिसळून टाकतो. थंडीत जाळण्याचं कारणही हेच आहे. हवा ८ अंशांवर असेल तर पान ६० अंशांपर्यंत तापायला ५२ अंशांची वाढ लागते, हवा ३५ अंशांवर असेल तर पंचवीसच पुरते.

त्याबरोबर जळणाची जाडीही बघतात. ६ मिलिमीटरपेक्षा बारीक काडी, सुई, गवत हे तासाभरात हवेशी जुळवून घेतं. अडीच सेंटिमीटरपर्यंतच्या काटकीला दहा तासांच्या आसपास लागतात, साडेसात सेंटिमीटरपर्यंतच्या फांदीला शंभर तास, आणि ओंडक्याला त्याहून किती तरी जास्त. म्हणून काल पाऊस पडला तरी आज दुपारी सुया पेटतात, आणि आज दव पडलं तरी महिनाभर वाळलेला ओंडका कोरडाच असतो. जाळणी फसते तेव्हा बहुतेकदा बारीक जळण बघितलेलं असतं आणि जाड जळण बघायचं राहिलेलं असतं.

मग एका कोपऱ्यात चाचणीची छोटी आग लावतात. धूर कुठे जातो, ज्वाळा किती लांब होते, हे बघूनच पुढे जायचं की घरी परतायचं ते ठरवतात. पेटवणी नेहमी वरून, म्हणजे कड्याकडून किंवा वारा जिकडे चालला आहे त्या बाजूने सुरू होते. पहिली पट्टी काळी झाली की उतारावर तीन-चार मीटर खाली येऊन दुसरी पट्टी पेटवायची. ती वर धावते, पण काळ्या पट्टीला भिडून विझते. मग तिसरी. खालून एकदम पेटवलं तर काय होईल? उतार दर दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग जवळपास दुप्पट होतो. तीस अंशांच्या उतारावर ती सपाटीच्या आठपट वेगाने पळते. ज्वाळेची लांबी सव्वा मीटरच्या आत असेल तर हत्यारं घेतलेली माणसं तिच्याशी भिडू शकतात. अडीच मीटरच्या पुढे यंत्रांचाही समोरून उपयोग राहत नाही.

पाइनच्या उतारावर एक बारीक गोष्ट फार नडते, ती म्हणजे शंकू. पेटलेला शंकू चेंडूसारखा घरंगळत खाली येतो, रेषा ओलांडतो आणि खालच्या न जळलेल्या सुयांत जाऊन बसतो. पाच मिनिटांनी आग तुमच्या पायाखाली, आणि ती वर धावतेय. म्हणून उतारावरच्या खालच्या रेषेला नुसती माती उघडी करून चालत नाही. तिथे अर्धगोल चर खणतात आणि निघालेली माती खालच्या बाजूला बांधासारखी रचतात. शंकू चरात अडकतो आणि तिथेच जळून जातो.

शेवटी विझवणी. कडेपासून आत निदान तीस मीटरपर्यंत प्रत्येक धुमसतं खोड फोडायचं, माती-पाणी कालवायचं आणि उघड्या हाताची पालथी बाजू राखेजवळ नेऊन ऊब लागते का ते तपासायचं. दिसायला विझलेली आणि हाताला विझलेली यांत फरक असतो.

इतकं करूनही चुकतं. २००० सालच्या मे महिन्यात न्यू मेक्सिकोत बँडेलियर इथे लावलेली जाळणी वाऱ्याने हाताबाहेर गेली आणि लॉस अलामोस गावातल्या शेकडो कुटुंबांची घरं गेली. एप्रिल २०२२ मध्ये त्याच राज्यात अशीच एक जाळणी सुटली. तिला जवळच्या दुसऱ्या आगीची जोड मिळाली. ती दुसरी आग तर जानेवारीत जाळलेल्या फांद्यांच्या ढिगाऱ्यातून आली होती. ढीग बर्फाखालीही आत धुमसत राहिला आणि एप्रिलच्या वाऱ्यात वर आला. दोन्ही मिळून ३ लाख ४१ हजार एकर जळालं, आणि तिथल्या वनखात्याने सगळी नियंत्रित जाळणी ९० दिवस थांबवून नियम तपासले. ज्यांच्याकडे हवामानतज्ज्ञ, पाण्याचे बंब आणि प्रशिक्षित माणसं आहेत, त्यांच्याकडून हे झालं. सोसायटीच्या ग्रुपवर रविवारची वेळ ठरवून हे काम होत नाही.

आपल्याकडेही चिडाच्या जंगलात थंडीत जाळणी आणि आगीच्या रेषा राखणं हे जुनं काम आहे. उत्तराखंडात १००, ५० आणि ३० फुटी रेषा असतात. १९८१ पासून तिथे हजार मीटरच्या वर हिरवी झाडं तोडायला बंदी आली. कित्येक रेषांत झाडं उगवून मोठी झाली आणि रेषा नावापुरत्या उरल्या. हल्ली पिरूल गोळा करून त्याच्या ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेल्या जळणाच्या विटा, करण्यावरही भर आहे. जळण उचलून नेणं हा जाळण्याला पर्याय आहे, आणि तुमच्या टेकडीसाठी तोच मला जास्त पटतो.

आता खारघर, पारसिक, येऊर, मुंब्र्याचे डोंगर. इथे पाइन नाही. इथलं जळण म्हणजे गवत आणि फेब्रुवारीपासून गळणारी साग, ऐन, पळस, कुडा यांची पानं. ते साठतं का? फारसं नाही. आपल्याकडे चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मागच्या वर्षीचं गवत आणि पालापाचोळा त्यात कुजून मातीत जातो. पाइनच्या जंगलात जी थकबाकी आगीला फेडावी लागते, ती इथे दरवर्षी पाऊस फेडतो. डिसेंबरात सगळी टेकडी जाळून तुम्ही पुढच्या वर्षाचा एक कणभरही धोका कमी करत नाही, कारण पुढच्या वर्षीचं गवत पुढच्या जून-जुलैतच उगवणार आहे.

उलट नुकसान पक्कं. गवताची वाढ जमिनीलगतच्या गड्ड्यातून होते, आग वरून जाते आणि ते पुन्हा फुटतं. दोन वर्षांच्या रोपाची साल कागदाएवढी, ते जातं. दरवर्षी आग म्हणजे दरवर्षी रोपं जाणार, सावली होणार नाही, गवत आणखी माजणार, आणि पुन्हा आग. पळस, ऐन यांसारखी खोडातून फुटणारी मोजकी झाडं तेवढी टिकतात. शिवाय उघड्या उतारावर जूनचा पहिला पाऊस थेट मातीवर आदळतो. रातवा, टिटवी, चंडोल हे जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सरडे, साप यांना लपायला काही उरत नाही.

वाऱ्याचाही आपला स्वभाव आहे. डिसेंबर-जानेवारीत सकाळी वारा पूर्वेकडून येतो, आणि दुपारी बारा-एकच्या सुमारास समुद्राकडचा वारा सुरू होऊन दिशा जवळपास उलटी होते. सकाळी नऊला तुमच्यापासून दूर, हळूहळू मागे सरकणारी आग दुपारी एकला तोंड फिरवून तुमच्यावर येते. पूर्वेचा कोरडा वारा जोरात असला तर हा बदल उशिरा होतो, तोवर हवा कमालीची कोरडी पडते. पहाटे दवाने गवत ओलं, दहा-अकरापर्यंत कडकडीत. म्हणजे हाताशी सुरक्षित वेळ मिळते ती दोन तासांच्या आसपास, आणि तीही रोज सारखी नसते.

म्हणून इथे वनखातं जाळतं ते फक्त पट्टे. त्यांना जाळरेषा म्हणतात, रुंदी साधारण ६ ते १२ मीटर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवत अर्धं हिरवं असताना रेषेच्या दोन्ही कडांना अरुंद पट्ट्या साफ करून माती उघडी करतात. मधलं गवत वाळलं की या दोन कडांच्या आत ते जाळतात. आग बाहेर जायला दोन्हीकडे वाट नसते. हे काम १५ फेब्रुवारीच्या आत संपवायचं असतं, कारण तिथून १५ जूनपर्यंत वणव्याचा हंगाम धरतात. आणि सगळ्यात जास्त चूक होते ती पुढे. डिसेंबरात काढलेल्या सुंदर रेषेवर फेब्रुवारी-मार्चमध्ये सागाची पानं पडतात, आणि कागदासारखा वाळलेला तो पाला आगीला पूल बनतो. रेषा एकदा काढून भागत नाही, मेपर्यंत दर पंधरा दिवसांनी झाडावी लागते. खराटा किंवा पाठीवरचा ब्लोअर, दोन्ही चालतात.

तुम्ही काय करायचं ते आता. आधी जमीन कुणाची ते शोधा: वनखात्याची, सिडकोची की खासगी? पारसिक-खारघर भागात एकाच उतारावर तिन्ही सापडतात. राखीव वनात आग लावणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. येऊरकडचा भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा, तिथे १९७२ चा वन्यजीव कायदाही लागतो. तेव्हा जाळरेषा हवी असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरातच वन परिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी विनंती द्या, सोबत मागची आग कुठून शिरली त्याचा नकाशा जोडा. जानेवारीत गेलात तर मजूर आणि निधी दोन्ही वाटून झालेले असतात.

गवत कापण्याला मात्र आगीची गरज नाही. जमीन ज्यांची त्यांची परवानगी घेऊन ते तुम्ही स्वतः करू शकता. तुमची तीनशे रोपं तीन मीटर अंतरावर असतील तर साधारण ६० बाय ४५ मीटरचा तुकडा होतो. खालच्या बाजूला १० मीटर, दोन्ही अंगांना आणि वर ६ मीटर पट्टा साफ करा, कारण आग बहुतेकदा खालून येते. हे सगळं मिळून सोळा-सतराशे चौरस मीटरच्या आसपास. दोन ब्रश कटर आणि सहा माणसं असली तर दोन-तीन दिवसांचं काम. दोन मीटरची पायवाट पुरेल असं समजू नका. एक मीटर उंच गवताची ज्वाळा वाऱ्यात दोन-तीन मीटर आडवी होते.

कापणी ऑक्टोबरच्या शेवटी, गवत पिवळं पडायच्या आत करा, आणि कापलेलं गवत तिथेच सोडू नका. कापून जागेवर पडलेलं गवत उभ्या गवताइतकंच पेटतं, फक्त ज्वाळा बुटकी होते. हिरवटपणा असेल तर तबेल्यांना चारा म्हणून जातं, नाहीतर पट्ट्यापासून लांब नेऊन कुजवा. प्रत्येक रोपाभोवती एक मीटर त्रिज्येचं आळं उघड्या मातीचं ठेवा. ओल टिकावी म्हणून बुंध्याशी वाळलं गवत रचण्याची पद्धत चांगली आहे, पण वणव्याच्या टेकडीवर ती वात ठरते. रचायचंच असेल तर दगड रचा. आपल्याकडे त्यांची कमी नाही, आणि दगडाखाली ओलही छान धरून राहते.

आग लागते कशी, याकडेही बघा. इथल्या हंगामात विजेने लागणारी आग जवळजवळ नसतेच, ती माणसाच्या हातूनच लागते. बिडी-सिगारेटचं थोटूक, पार्टीची शेकोटी, भिंतीलगत जाळलेला कचरा, नवं गवत चांगलं फुटावं म्हणून लावलेली काडी. गावांच्या कडेला भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजतात, म्हणजे पालापाचोळा-शेण पसरून जमीन जाळतात. ती जुनी, शेतकऱ्याच्या कामाची पद्धत आहे, फक्त बांधाभोवती तीन-चार मीटर साफ हवं, भाजणी सकाळी व्हायला हवी आणि राख थंड होईपर्यंत माणूस तिथे हवा. या लोकांना डोंगर पेटवणारे म्हणून दूर ठेवू नका. वणवा सगळ्यात आधी त्यांनाच दिसतो. टेकडीवर चढायच्या दोन-तीन वाटा असतील तर त्या वाटांच्या दोन्ही बाजूंनी तीन-तीन मीटर गवत कापा. इतक्यानेही यातली बरीच कारणं निकामी होतात.

टेकडीला टेकून इमारत असेल तर कुंपणापासून दहा मीटर गवत आणि पालापाचोळा हटवा, गच्चीच्या पन्हाळी आणि पोडियमवरचे कोपरे जानेवारीत साफ करा, भिंतीबाहेर टाकलेलं जुनं फर्निचर, थर्माकोल, ताडपत्री उचला. ठिणगी उडत येते तेव्हा तिला नेमकी हीच जागा लागते.

आणि आग लागलीच तर? वनखात्याची हॅलो फॉरेस्ट हेल्पलाइन १९२६, अग्निशमन १०१. जागा सांगताना "खारघरच्या टेकडीवर" एवढं पुरत नाही. कोणत्या सेक्टरच्या मागे, कोणत्या वाटेने चढता येतं आणि वारा कुठून आहे ते सांगा. आगीच्या वरच्या उतारावर कधीही उभं राहू नका, घळीत तर नाहीच. विझवायला हात लावायचाच तर मागच्या टोकापासून, म्हणजे आग जिथून सुरू झाली तिथून, दोन्ही अंगांनी पुढे सरका. जळालेला काळा भाग पाठीशी असू द्या. पळायची वेळ आली तर तीच जागा सुरक्षित. ओल्या फांदीने झोडपताना हात वर उचलून जोरात मारू नका, ठिणग्या उडतात. फांदी आगीवर दाबा आणि काळ्या बाजूला ओढा. फवारणीचा सोळा लिटरचा पंप इथे फार उपयोगी, पाणी ज्वाळेवर न मारता तिच्या बुडाशी मारा. अंगावर सुती पूर्ण बाह्या, पायात कातडी बूट. नायलॉन वितळून चिकटतं. ज्वाळा कमरेच्या वर गेली की मागे फिरा आणि काम अग्निशमन-वनखात्यावर सोडा.

विझल्यावर पट्ट्याच्या कडेने एकदा नाही, तीन-चार तासांनी पुन्हा फिरा. आपल्या टेकड्यांवर पाइनचे शंकू नाहीत, पण गुरांचं वाळलेलं शेण आहे. वरून राखाडी, थंड दिसणारी पो काठीने उलटली की आत लाल निखारा दिसतो. संध्याकाळच्या वाऱ्यात तोच निखारा दुसरी आग लावतो. पडलेली खोडं आणि वाळवीची पोकळ बुंधं यांचंही तसंच.

राहिली तुमची होरपळलेली दीडशे रोपं. ती इतक्यात उपटू नका. जमिनीलगत बुंध्याची साल नखाने हलकी खरवडा. आत हिरवट, ओलसर दिसलं तर रोप जिवंत आहे. अगदी तपकिरी आणि कोरडं असेल तर थोडी माती बाजूला करून मुळाच्या मानेशी पुन्हा बघा. साग, ऐन, पळस, बांबू यांत वरचा भाग गेला तरी खालून फुटण्याची शक्यता चांगली असते. आंबा, जांभळाची कोवळी रोपं त्या मानाने कमी वाचतात. जिवंत निघालेल्यांची जळकी काडी मेच्या अखेरीस जमिनीपासून तीन-चार बोटं ठेवून धारदार कात्रीने तिरकी कापा. पाऊस सुरू झाल्यावर बुंध्यातून चार-पाच फुटवे येतील. त्यांतला एक सरळ, जोमदार फुटवा जुलैच्या शेवटी ठेवून बाकीचे काढा. मूळ आधीच खोल गेलेलं असल्याने हा फुटवा नव्या रोपापेक्षा लवकर वाढतो. तोवर मोकळ्या झालेल्या खड्ड्यांत नवं काही लावू नका, जुलै संपेपर्यंत वाट बघा.